दाढीवाल्याच्या ग्लासातलं दूध

संपादकांचा फोन आला. "परब, आखातातल्या नोकरीवर लिहा. तेल, वाळवंट, उंट, काहीतरी झणझणीत येऊ द्या." त्यांचं मन मोडू नये म्हणून मी हो म्हणालो. वास्तविक बहारीनमध्ये एवढी वर्षं काढून मी तेलाची विहीर पाहिली ती गाडीच्या काचेतून, आणि उंट पाहिले ते कोकणातून आलेल्या पाहुण्यांना दाखवायला नेलं तेव्हा. वाळवंट मात्र रोज पाहिलं, पण ते अमेरिकेचं. बाहेर खरंखुरं वाळवंट फुकट पडलेलं असताना अदलियातल्या एका बैठ्या बंगल्यात, एसीच्या गारठ्यात स्वेटर घालून, मी परक्या देशाच्या वाळवंटाला रंग देत बसायचो. याच कामाचा मला व्हिसा होता.

काम काय, ते आधी सांगतो. अमेरिकेत फार पूर्वी काउबॉयचे स्वस्तातले सिनेमे निघत. स्वस्त म्हणजे किती? तर हिरो, घोडा आणि एक खडक एवढ्यावर सिनेमा उभा राहायचा. त्यातल्या बऱ्याच सिनेमांचे हक्क आता संपलेत, निर्माते संपलेत, विचारणारं कोणी उरलेलं नाही. आमची कंपनी असे बेवारशी काळेपांढरे सिनेमे उचलायची, त्यांना रंगवायची, कापायची, जोडायची आणि चॅनेलना विकायची. जाहिरातीत लिहिलेलं असायचं : नवा, रंगीत, संपूर्ण. त्यातला 'नवा' हिरो केव्हाच वारलेला असे, 'रंगीत' आम्ही केलेला असे आणि 'संपूर्ण'मधून बराचसा भाग आमच्याच वैशालीनं कापून टाकलेला असे.

वैशाली आमची एडिटर. कोल्हापूरची. नवरा सित्र्याला कारखान्यात इंजिनिअर आणि ही आमच्याकडे कातरकामाला. तिच्या कात्रीला जेवढी धार, तेवढीच जिभेला. मी तिला वयानं बापासारखा, म्हणून ती मला काका म्हणायची आणि काका म्हटल्यानंतर जे बोलायचं ते बोलायची.

मी मुळात कुडाळचा. मनामातल्या एका फोटो स्टुडिओत लग्नाच्या काळ्यापांढऱ्या फोटोंना बारीक ब्रशनं रंग देत असे. ते ब्रश गेले आणि संगणक आला, तरी धंदा तोच राहिला. लोकांना वाटतं, काळ्यापांढऱ्या चित्रात खरा रंग कुठेतरी दडून बसलेला असतो आणि आम्ही तो घासूनपुसून वर काढतो. तसं काही नसतं. चित्रात असतो फक्त उजेड आणि अंधार. शर्ट करडा दिसतो म्हणजे तो लाल असेल, हिरवा असेल, किंवा खरोखर करडाच असेल. ज्यानं तो शिवला तो गेला, ज्यानं घातला तोही गेला. मग ठरवायचं कोणी? कुडाळच्या सदानंद परबानं.

ठरवल्यावर एकेका वस्तूला रंगाचा एकेक थर द्यायचा. आकाशाचा वेगळा, जमिनीचा वेगळा, शर्टाचा वेगळा. खाली मूळ चित्र तसंच असतं. थर बंद केला की रंग जातो, चालू केला की येतो. माणूस हलला की रंगानंही त्याच्याबरोबर हलायला हवं. हे काम संगणकाचं, पण तो काही फारसा भरवशाचा नव्हता. हिरो घोड्यावरून उतरून घरात जायचा आणि त्याच्या पँटचा निळा रंग मागे घोड्यावरच बसलेला सापडायचा. मग आम्ही तो उतरवून घरात पोचवत असू.

माझ्या पहिल्याच सिनेमात मी जमीन लाल केली. वाळवंट पिवळसर असतं हे मला ठाऊक होतं, खिडकीतून दिसतच होतं. पण हाताला जी माती माहीत, ती हाताकडून येते. अमेरिकन दरोडेखोर जांभ्या दगडाच्या डोंगरावरून दौडत आले आणि कुडाळच्या अलीकडच्या घाटीत लपले. एकाही गिऱ्हाइकानं तक्रार केली नाही. उलट एका चॅनेलनं लेखी कौतुक केलं की वाळवंटाचा रंग अगदी अस्सल वाटतो.

त्याच सिनेमात शेवटी हिरोचं लग्न होतं. नवरी पांढऱ्या झग्यात. काम दाखवायला मी बायकोला ऑफिसात घेऊन आलो होतो. तिनं पडद्याकडे पाहिलं आणि कपाळाला आठ्या घातल्या.

"ही व्हकल मां? मगे पांढऱ्या कित्याक नेसली?"

व्हकल म्हणजे नवरी. मी तिला समजावलं की त्यांच्यात तशीच पद्धत असते. ती म्हणाली, "त्यांच्यात आसात. रंगवतास तुमी मां?"

फिकट पिवळा हा उजेडाच्या हिशेबात पांढऱ्याला अगदी लागून असतो, सहज बसतो. मी नवरीला हळदीचा झगा दिला आणि हातमोजे बांगड्यांच्या हिरव्या रंगाचे केले. आजही तो सिनेमा जगात कुठे ना कुठे दाखवतात आणि ती बाई दरवेळी हळदीनं माखून बोहल्यावर चढते. मला त्याचा जराही पश्चात्ताप नाही.

स्वस्तातल्या सिनेमांचे चटके रंगवणाऱ्यालाच बसतात. निर्मात्यानं एकदा एक जोरदार पाठलाग काढून ठेवला की तो पुढच्या प्रत्येक सिनेमात वापरायचा. लोकांना कळू नये म्हणून दुरून दाखवायचा. काळ्यापांढऱ्यात ते खपून गेलं. पण आमच्या एका सिनेमात हिरोचा शर्ट लाल आणि दुसऱ्यात निळा. म्हणून तोच पाठलाग, तीच धूळ, तोच खड्ड्यात पडणारा गुंड मी पुन्हा पुन्हा वेगळ्या कपड्यांत रंगवला. त्या गुंडाला एवढे कपडे हयातीत मिळाले नसतील. हिरोचा घोडाही शॉटगणिक बदलायचा, जो मोकळा असेल तो आणत असावेत. तीन वेगवेगळ्या जनावरांना एकच तपकिरी रंग देऊन मी त्यांचा एक इमानी घोडा केला. पुढे तर चॅनेलला लांब सिनेमा हवा म्हणून वैशालीनं दोन छोटे सिनेमे जोडून एक केला. हिरो दोन्हीत तोच, पण हिरॉइनी दोन. मी दोघींना एकाच निळ्या रंगाचा झगा घातला. पहिल्या अर्ध्या तासात तो एका बाईच्या प्रेमात पडतो आणि पुढच्या अर्ध्या तासात दुसरीशी लग्न करतो. प्रेक्षकांना वाटलं, मेकअप बदलला असेल.

आता दुधाकडे येतो.

आमचं सगळ्यात मोठं गिऱ्हाईक म्हणजे आखातातलं एक कौटुंबिक चॅनेल. त्यांच्या वतीनं आमच्याशी बोलायचा सुमेध. पुण्याचा मुलगा, सनाबिसच्या पलीकडे टॉवरमध्ये ऑफिस, हुद्दा 'कंटेंट स्ट्रॅटेजी'. वागायला अतिशय सभ्य. नकार देतानासुद्धा इतका सभ्य की आपण थँक यू म्हणून फोन ठेवायचो आणि नकार मिळालाय हे नंतर लक्षात यायचं.

"सर, बेसिकली फॅमिली ऑडियन्स आहे," तो म्हणाला. "तर अल्कोहोल नको. बार चालेल, पण बारमध्ये ड्रिंक नको."

काउबॉयच्या सिनेमात हिरो घोड्यावर नसला की बारमध्ये असतो. बार काढला तर सगळी माणसं सिनेमाभर उन्हातच उभी राहतील. गंमत म्हणजे हे बोलणं झालं अदलियात, आमच्या ऑफिसपासून दोन गल्ल्यांवर खरे बार रीतसर चालू असताना. सुमेधला मी तेवढं दाखवून दिलं. तो हसला आणि म्हणाला, "सर, ते रिअल लाइफ आहे."

ज्या सिनेमावर अडलं होतं, त्यात हिरोचा एक म्हातारा दोस्त होता. लांब दाढी, पुढचे दात नाहीत, टोपी उलटी. तो बारमध्ये येतो, ग्लासावर ग्लास रिचवतो, झोकांड्या खात बाहेर पडतो आणि घोड्यावर उलटा बसतो, शेपटीकडे तोंड करून. अख्ख्या सिनेमात खराखुरा अभिनय एवढाच. तो कापायचा या विचारानं वैशालीसुद्धा हळहळली. मी ग्लासाकडे बघत बसलो. काळ्यापांढऱ्या ग्लासात काय आहे हे कोणाला ठाऊक? जे मी ठरवीन ते. मी ग्लासात दूध ओतलं. शुभ्र, दाट, वर किंचित साय. दाढीवाल्याच्या मिशीलाही थोडं लावलं.

वैशालीनं ते पाहिलं आणि खुर्चीत मागे रेलून हसत सुटली. "काका, ह्यो गडी दूध पिऊन झोकांड्या खातोय! म्हशीनं काय खाल्लं हुतं म्हणायचं?"

सुमेधला मात्र ते पसंत पडलं. "सर, ब्रिलियंट. हेल्दी पण आहे." मालकांनी पाठ थोपटली. मला आयुष्यात पहिल्यांदा काहीतरी शोध लावल्यासारखं वाटलं. सांगायला हरकत नाही, त्या दिवशी घरी जाताना मी जरा ताठ चालत होतो.

सिनेमा लागला आणि चॅनेलकडे तक्रारी आल्या. एका आईचं म्हणणं, मुलगा दूध प्यायला तयार नाही, घोड्यावरून पडीन म्हणतो. दुसऱ्या कोणाला दुधाची बदनामी सहन झाली नाही. सुमेधनं अतिशय सभ्यपणे कळवलं की सिनेमा पुन्हा दाखवायचा आहे, तेव्हा तो सगळा प्रसंग काढावा. वैशालीनं काढला. आता दाढीवाला बारच्या दारापर्यंत जायचा आणि पुढच्याच चित्रात घोड्यावर उलटा बसलेला दिसायचा. का, ते त्यालाच माहीत.

तसा सिनेमा लागला त्याच आठवड्यात ऑफिसच्या दारात एक टॅक्सी थांबली आणि तिच्यातून एक उंच, वयस्क बहारीनी गृहस्थ काठी टेकत उतरले. पांढरा स्वच्छ पायघोळ थोब, डोक्याला गुत्र्याचा रुमाल. आत येऊन त्यांनी थेट विचारलं, "कलरवाला कौन है?"

आमचे जुने बहारीनी लोक हिंदी छान बोलतात. मी उभा राहिलो. त्यांनी मला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं.

"वो दाढीवाला, शराबवाला सीन... किधर गया? मैं पूरा देखा. मफी! खलास!"

मफी म्हणजे नाही. मी त्यांना बसवलं, चहा दिला. नाव हाजी मन्सूर. सित्र्याचे, रिफायनरीतून निवृत्त झालेले. सिनेमाच्या शेवटी आमच्या कंपनीचं नाव येतं, ते नातवाकडून वाचून घेऊन ते शोधत आले होते. नुसत्या एका सीनसाठी एवढा माणूस सित्र्याहून अदलियाला कशाला येईल, हे मला कळेना. मग त्यांनी सांगितलं.

त्यांचा धाकटा भाऊ जाफर. दोघंही तरुणपणी रिफायनरीत होते. तिथे साहेबांच्या क्लबात सिनेमा दाखवत आणि दुसऱ्या दिवशी तीच फिल्म बाहेर मैदानात, चादरीवर, कामगारांसाठी. सिनेमा इंग्रजी, कोणाला शब्द कळत नसे. मग जाफर एका पिंपावर बसायचा आणि सगळा सिनेमा अरबीत सांगायचा. हिरोचा आवाज तोच, गुंडाचा तोच, घोड्याचाही तोच. गावातल्या बायका, वडीलधारे, पोरंबाळं चटयांवर बसून ऐकायची. लोक सिनेमासाठी कमी आणि जाफरसाठी जास्त यायचे.

"और वो दाढीवाला आया तो..." हाजींना सांगतानाच हसू आवरेना.

जाफरला झटका आला होता. एक बाजू लुळी, आणि तेव्हापासून तोंडातून शब्द नाही. "डॉक्टर बोला, ज़बान आ सकता है. लेकिन वो कोशिश नहीं करता. मुँह दीवार को करके सोता है." टीव्हीवर सिनेमाची जाहिरात दिसली तेव्हा हाजींनी हिरोला ओळखलं. आठवडाभर ते भावाला सांगत राहिले, तुझा दाढीवाला येणार, तुझा दाढीवाला येणार. सिनेमा सुरू झाला. जाफर उशीला टेकून बसला, वाट बघत राहिला. दाढीवाला बारच्या दारापर्यंत गेला, आणि पुढे काहीच नाही. जाफरनं तोंड पुन्हा भिंतीकडे केलं.

"मेरे को उसका आवाज़ एक बार सुनना है," हाजी म्हणाले. "बस."

चहा तसाच राहिला होता. वैशाली उठून आत निघून गेली. ती उठून जाते तेव्हा डोळ्यांना पदर लावायला जाते, पण ती जीन्स घालते, त्यामुळे तिला उठून जावंच लागतं.

मी सुमेधला फोन केला. वाटलं, माणूस आजारी आहे म्हटल्यावर नाही म्हणणार नाही.

"सर, आय टोटली अंडरस्टँड," तो म्हणाला. "पण अनकट व्हर्जन बाहेर गेलं तर लीगल होईल. आमच्या रंगीत कॉपीवर आमचे राइट्स आहेत ना."

"अरे, एका घरात दाखवायचंय. एका म्हाताऱ्याला."

"हो सर, पण तो व्हायरल झाला तर?"

अर्धं अंग लुळं पडलेला सित्र्याचा म्हातारा व्हायरल कसा होईल, हे मला सुचेना. मी थँक यू म्हणून फोन ठेवला. मालकांना विचारलं. ते म्हणाले, "इंशाल्ला." आमच्या मालकांचं इंशाल्ला म्हणजे होही नसतं आणि नाहीही नसतं. त्याचा अर्थ असतो, माझ्यासमोर करू नका.

शुक्रवारी मी लॅपटॉप उचलला. बायकोनं विचारलं, "सुट्टीच्या दिवशी खंय चललास?" मी म्हटलं, "सित्र्याक. सिनेमा दाखवूक." तिनं डब्यात नारळाच्या वड्या भरून दिल्या. आजारी माणसाच्या घरी रिकाम्या हातानं जाऊ नये. वैशाली खाली गाडी घेऊन उभी होती. तिनंच सुचवलं की मूळ काळीपांढरी फिल्म कोणाच्याच मालकीची नाही, तीच दाखवू, म्हणजे कोणाचं काही बिघडणार नाही. बोलणं रास्त होतं. पण माझ्या लॅपटॉपमध्ये सगळ्या थरांसकट माझं रंगीत काम होतं, दुधासकट. त्या दुधाला प्रेक्षक मिळावा असं मला मनापासून वाटत होतं. मी तिला म्हटलं, आधी रंगीत लावू. तिनं फक्त गिअर बदलला.

हाजींचं घर कारखान्यांच्या मागे, जुन्या गावात. आतल्या मजलिसमध्ये, म्हणजे बैठकीच्या खोलीत, भिंतींना लागून गाद्या, आणि खिडकीशी लोखंडी पलंगावर जाफर. मोठं नाक, खोल गेलेले गाल. हाजींनी त्याला उठवून उशीला टेकवलं. दारात त्यांची बायको उम्म हुसैन उभी राहिली. मी टीव्हीला लॅपटॉप जोडला.

माझं वाळवंट पसरलं. लाल जमीन, निळंशार आकाश, तपकिरी घोडा. हाजी म्हणाले, "माशाल्ला." मी मात्र जाफरकडे बघत होतो. तो बघत होता, पण पाहुणे आलेत म्हणून माणूस बसतो तसा. दाढीवाला बारमध्ये शिरला. हाजी पुढे सरकले. दाढीवाल्यानं ग्लास उचलला. माझं दूध, माझी साय, मिशीला लागलेला थेंब. काही नाही. दाढीवाला झोकांडी खाऊन टेबलावर पडला. काही नाही. जाफरनं हळूहळू तोंड भिंतीकडे वळवलं.

मला स्वतःची लाज वाटली. कोणी मागितलं नसताना मी माझी कारागिरी एका आजारी माणसाच्या तोंडापुढे धरून बसलो होतो.

हाजींनी माझ्या गुडघ्यावर हात ठेवला. "ये बहुत अच्छा है, परब. लेकिन ये वो नहीं है. वो इतना साफ नहीं था."

वैशाली माझ्या कानाशी म्हणाली, "काका, काढा की रंग."

मी सिनेमा मागे घेतला आणि एकेक थर बंद करत गेलो. आधी आकाश गेलं. मग कुडाळची माती गेली. घोडा पुन्हा कुठल्याच रंगाचा राहिला नाही. टेबलं, भिंती, माणसांचे चेहरे विझत गेले. शेवटी सगळ्या राखाडी खोलीत फक्त एक पांढराशुभ्र ग्लास उरला. तेवढा ठेवावा असं माझ्या मनात आलं. मग तोही बंद केला. आता ग्लासात काय आहे, हे पुन्हा कोणालाच सांगता आलं नसतं.

सिनेमा चालू केला. बारमधल्या पियानोचा खरखरीत आवाज आला. हाजी भावाकडे वाकले. "जाफर. शूफ." म्हणजे बघ.

जाफरनं मान वळवली. राखाडी दाढीवाला राखाडी दारातून आत आला आणि जाफरच्या कपाळावरची शीर हलली. ओठाची एक बाजू थरथरायला लागली. दाढीवाला बारच्या फळीवर ओणवा झाला. जाफरचा चांगला हात चादरीवर उठला आणि पिंपावर थाप मारावी तशी त्यानं पलंगाच्या कडेवर थाप मारली. दाढीवाल्यानं ग्लास उचलला, उजेडाकडे धरला.

"ल..." जाफर म्हणाला. घशातून नुसती खरखर आली. त्यानं डोळे मिटले, पुन्हा उघडले. "लबन."

लबन म्हणजे इथलं ताक. आपल्यापेक्षा दाट, आणि पांढरंशुभ्र.

उम्म हुसैननं एवढंच ऐकलं की इतक्या महिन्यांनी ह्या माणसानं तोंडानं काहीतरी मागितलं. ती स्वयंपाकघरात धावली. हाजी दोन्ही हातांनी तोंड झाकून हसत होते, की रडत होते, ते त्यांनाही सांगता आलं नसतं.

"सामने सब माँ लोग बैठता था, बुड्ढा लोग बैठता था," ते श्वास घेत घेत मला सांगायला लागले. "वो कैसे बोलेगा शराब? तो बोलता था, लबन! देखो, लबन पीता है! सब को मालूम था क्या है. माँ को भी मालूम था. सब हँसता था!"

दुधाचा शोध आपला, अशी समजूत घेऊन मी त्या घरात आलो होतो. माझ्या आधी कितीतरी वर्षं, ना संगणक, ना थर, ना सुमेध, ह्या माणसानं पिंपावर बसून तो ग्लास पांढरा करून ठेवला होता. तेही नुसत्या तोंडानं. मला वाईट वाटायला हवं होतं. मला इतका आनंद झाला होता की हातातला लॅपटॉप खाली ठेवायचंही सुचत नव्हतं.

पुढे वर्षभरात आमच्याकडे नवं सॉफ्टवेअर आलं. ते सगळा सिनेमा चहा होईपर्यंत आपोआप रंगवतं, आणि त्याबरोबर मला निवृत्ती आली. निघायच्या आधी मी त्याची परीक्षा घेतली. माझा पहिला सिनेमा आणि दाढीवाल्याचा प्रसंग त्याला दिला. त्यानं वाळवंट पिवळं केलं, नवरीला पांढरं नेसवलं आणि दारूला अचूक दारूचा रंग दिला. फार हुशार आहे. चटईवर कोणाची आई बसलीय, हे त्याला विचारून काही उपयोग नाही.

पण ते नंतरचं. त्या शुक्रवारी उम्म हुसैन तांब्याभर लबन घेऊन धापा टाकत आली. हाजींनी ग्लास भावाच्या ओठांना लावला. जाफर एक मोठा घोट प्यायला. मिशीला पांढरं लागलं. पडद्यावर दाढीवाला झोकांड्या खात दाराकडे निघाला होता. जाफरनं त्याच्याकडे पाहिलं, मग आमच्याकडे पाहिलं, डोळे अर्धवट मिटले आणि मान लुळी सोडून दिली. एका खांद्यावर, मग दुसऱ्यावर. नंतर एक उचकी दिली.

हाजी गादीवर आडवे झाले. उम्म हुसैन तोंडाला ओढणी लावून दाराला टेकली. माझ्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि ते मी पुसलं नाही. उम्म हुसैननं हसतहसतच आमच्याही हातांत भरलेले ग्लास दिले. मी तोंडाला लावणार तेवढ्यात वैशालीनं माझं कोपर धरलं.

"काका, बेतानं घ्या," ती म्हणाली. "चढंल."